सहकारी बँकेची निवडणूक : मत देण्याआधी दूर करायचे गैरसमज

नागरी सहकारी बँकेची निवडणूक लागली की चौकाचौकांत पॅनेलचे फलक लागतात आणि एरवी ओळख न दाखवणारी माणसे ‘आमच्याकडे लक्ष असू द्या’ म्हणून फोन करतात. तरीही अनेक सभासद मतदानाला जात नाहीत, आणि जातात तेही ओळखीच्या नावावर शिक्का मारून परततात. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात आहेत. निवृत्तीची रक्कम, मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे, छोट्या दुकानदाराचे खेळते भांडवल असा पैसा या बँकांत असतो. तो कोणाच्या हाती द्यायचा हे या निवडणुकीत ठरते. म्हणून या निवडणुकीभोवतीचे काही पक्के गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज : माझी या बँकेत ठेव आहे, म्हणजे मला मत आहे.

वस्तुस्थिती : मत सभासदाला असते, ठेवीदाराला नाही. ठेव ठेवण्यासाठी सभासद व्हावे लागत नाही. कर्ज घेताना मात्र शेअर घ्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या जुन्या नियमानुसार तारणी कर्जाच्या अडीच टक्के आणि विनातारण कर्जाच्या पाच टक्के. त्यामुळे मतदार यादीत कर्जदारांचा भरणा सहज होतो. बँकेत पैसा प्रामुख्याने ठेवीदारांचा, संचालक निवडण्यात वरचष्मा मात्र कर्जदारांचा, ही या बँकांच्या रचनेतली मुळातली अडचण आहे. कर्जवसुलीत कडक राहणारा संचालक सर्वांनाच प्रिय नसतो. म्हणून ठेवीदारांनी रीतसर अर्ज करून, शेअर घेऊन सभासद व्हावे. ‘नाममात्र सभासद’ होऊन भागत नाही, कारण त्याला मताचा अधिकार नसतो.

गैरसमज : ज्याचे शेअर जास्त, त्याचे वजन जास्त. आपल्या एका मताने काय होणार?

वस्तुस्थिती : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नुसार एका सभासदाला एकच मत असते, शेअर कितीही असोत. बड्या कंपनीतल्या छोट्या भागधारकाला जे बळ कधीच मिळत नाही, ते सहकारात शेवटच्या सभासदाला कायद्याने मिळालेले आहे.

गैरसमज : वर रिझर्व्ह बँक आहे, शिवाय पाच लाखांचा विमा आहे. संचालक कोणी का असेनात!

वस्तुस्थिती : २०२० च्या कायदादुरुस्तीनंतर सहकारी बँकांवरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार खूप वाढले, संचालक मंडळ बाजूला सारण्याची तरतूदही झाली. पण हे हत्यार बहुतेक वेळा नुकसान झाल्यानंतर उपसले जाते. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे अडकला होता. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. मधली नऊ वर्षे ठेवीदार हेलपाटे घालत राहिले.

विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये आहे. ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराच्या सर्व खात्यांची मुद्दल आणि व्याज मिळून आहे. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत ही रक्कम मिळण्याची सोय झाली, हा मोठा दिलासा आहे. पण पाच लाखांच्या वरचा पैसा आणि बुडालेल्या बँकेतले शेअर यांना विम्याचे संरक्षण नाही.

गैरसमज : निवडणूक बिनविरोध झाली म्हणजे बँकेत सगळे आलबेल आहे.

वस्तुस्थिती : काही ठिकाणी खरोखर एकमत असते. काही ठिकाणी मात्र अर्ज माघारीच्या दिवशी जागांची वाटणी होते. दोन्हींत एक गोष्ट सारखी असते : पुढच्या पाच वर्षांसाठीचा जाब विचारण्याची संधी सभासदांना मिळत नाही. निवडणुकीचा खर्च वाचला याचे समाधान मानताना बँकेचे थकीत कर्ज किती वाढले, हेही विचारायला हवे.

गैरसमज : मत द्यायचे तर संपूर्ण पॅनेललाच.

वस्तुस्थिती : पॅनेल ही प्रचाराची सोय आहे. मतपत्रिकेवर मत उमेदवारालाच दिले जाते. एका पॅनेलमधले चार आणि दुसऱ्यातले तीन निवडता येतात. जागांपेक्षा जास्त शिक्के मारले तर मत बाद होते. कमी मारले तर बाद होत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या विमुक्त जमाती यांच्या राखीव जागांसाठीही सर्व सभासद मतदान करतात. अनेक जण त्या मतपत्रिका न पाहताच पॅनेलच्या चिन्हावर शिक्का मारतात. त्या जागांवरचा संचालकही कर्जमंजुरीच्या बैठकीत बसणार असतो, म्हणून त्याचीही तितकीच पारख करावी.

गैरसमज : सुधारणा हवी तर नवा चेहरा निवडा.

वस्तुस्थिती : नवेपणा ही पात्रता नाही आणि सत्ताधाऱ्यांवर टीका करणे म्हणजे सुधारणा नाही. संचालक मंडळातील किमान ५१ टक्के सदस्यांना लेखाशास्त्र, बँकिंग, अर्थशास्त्र, कायदा, सहकार अशा विषयांचे ज्ञान किंवा अनुभव असावा, अशी अट बँकिंग नियमन कायद्यात आहे. संचालकाने सलग किती काळ पदावर राहावे यालाही मर्यादा आहे. ती पूर्वी आठ वर्षे होती, १ ऑगस्ट २०२५ पासून दहा वर्षे झाली. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार शंभर कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या बँकांना संचालक मंडळाशिवाय स्वतंत्र व्यवस्थापन मंडळ नेमावे लागते.

हे नियम उमेदवाराला माहीत आहेत का, इथपासून पारख सुरू करावी. मग थेट विचारावे : सर्वांत मोठ्या थकबाकीदारांवरील वसुलीचा अहवाल तुम्ही सभासदांपुढे ठेवाल का? एकरकमी कर्जफेड योजनेत कोणाला किती सूट दिली, त्याचे निकष जाहीर कराल का? नोकरभरती परीक्षा घेऊन कराल का? ओळखीच्या माणसाचे कर्जप्रकरण आले तर बैठकीबाहेर जाल का? संचालक आणि त्यांच्या नातेवाईकांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ पासून बंदी घातली आहे. स्वतःच्या मुदत ठेवीवर किंवा विमा पॉलिसीवर कर्ज अशा मोजक्या सवलती आहेत. म्हणून नातेवाइकांच्या पलीकडे, भागीदार आणि मित्रांच्या कर्जांबाबत उमेदवार काय म्हणतो ते नीट ऐकावे. ‘बँकेचा चौफेर विकास करू’ हे या प्रश्नांचे उत्तर होत नाही.

गैरसमज : वार्षिक सभा ही नुसती औपचारिकता.

वस्तुस्थिती : उमेदवाराच्या शब्दांची किंमत ठरवायला लागणारा पुरावा याच सभेच्या अहवालात असतो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सभा घ्यावी लागते. विषयपत्रिकेवर बहुधा ताळेबंदाला मंजुरी, लेखापरीक्षकांच्या अहवालाचे वाचन, दोषदुरुस्ती अहवाल, निर्लेखित कर्जांना मंजुरी, संचालक आणि त्यांच्या कुटुंबीयांकडील कर्जांची माहिती असे विषय ओळीने असतात. सचिव विषय वाचतात, समोरच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज येतो आणि पाऊण तासात सभा आटोपते. निर्लेखित कर्ज म्हणजे वसूल होणार नाही म्हणून हिशोबातून बाजूला काढलेले कर्ज. ते कोणाचे, किती आणि कोणाच्या काळात दिलेले, हे विचारण्याची जागा तीच आहे.

अहवालात तीन आकडे आवर्जून पाहावेत : ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण, निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण आणि भांडवल पर्याप्तता. तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की दिशा कळते. लाभांश आणि भेटवस्तू यांवरून बँकेची प्रकृती कळत नाही. सध्याचे संचालक पुन्हा उभे असतील तर त्यांच्या काळातल्या लेखापरीक्षणात नोंदवलेले दोष पुढच्या वर्षी दुरुस्त झाले का, हे दोषदुरुस्ती अहवालावरून पाहता येते. विरोधी पॅनेलमधले कोणी आधी संचालक असेल, तर त्याच्या काळालाही हीच फूटपट्टी लावावी.

१८८९ साली बडोद्यात भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभी राहिली, तेव्हापासून नागरी सहकाराचा पाया सभासदांच्या परस्परविश्वासावर आहे. विश्वास टिकायचा तर त्याला तपासणीची जोड लागते. म्हणून प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध झाली की आपले नाव पाहा, नसेल तर मुदतीत हरकत घ्या. शाखेतून गेल्या तीन वर्षांचे अहवाल मागून घ्या. मत मागायला आलेल्या प्रत्येकाला वरचे प्रश्न विचारा आणि ज्यांची उत्तरे नेमकी असतील, त्यांनाच मत द्या, मग ते कोणत्याही पॅनेलचे असोत.