गाडी पुन्हा सुरू झाली म्हणजे दोष गेला का?



अनुमानावर बोलायला लागलं की आपण सगळे पर्वतावर जातो. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. उदाहरण चांगलं आहे, पण इतक्यांदा ऐकलेलं आहे की त्यात कुणी चुकू शकतं हेच जाणवत नाही. म्हणून आज असं उदाहरण घेऊ, जिथे चुकलं तर पैसे जातात आणि प्रसंगी जिवावरही बेततं. नुकतीच विकत घेतलेली जुनी स्पोर्ट्‌स कार चालता चालता बंद पडते. ती का बंद पडते, हे शोधायचं कसं?

गाडी नेमकी ठरवू, नाहीतर चर्चा अधांतरी राहील. १९८६ सालची पोर्श ९४४ घेऊ, टर्बो नसलेली. हे मॉडेल १९८२ ते १९९१ या काळात बनलं. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, चार सिलिंडर, अडीच लिटर. परदेशात हौशी माणसं ती अजून घेतात, आणि आपल्या श्रोत्यांत परदेशी राहणारे पुष्कळ आहेत. या गाडीत कार्ब्युरेटर नाही. बॉशची मोट्रॉनिक यंत्रणा आहे. पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे दोन्ही निर्णय एकच छोटा संगणक घेतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रसंग बघा. वीस-पंचवीस मिनिटं गाडी मजेत चालली आणि हायवेवर एकाएकी इंजिन गप्प झालं. तुम्ही कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, बॅटरीचं टर्मिनल हलवलं, दोन-तीन वायरी दाबल्या. दहा मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी सुरू! तुम्ही म्हणता, टर्मिनल लूज होतं, सापडलं एकदाचं.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि फळ पडलं. तुम्ही टर्मिनल हलवलं नसतं तरीही दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली असती, कारण त्या दहा मिनिटांत ती थंड झाली. आज मला सांगायचं आहे ते एवढंच: जो दोष आपला आपण जातो, तो आपल्या प्रत्येक उपायाला यश देतो. म्हणून तो सर्वांत फसवा. जी गाडी अजिबात सुरूच होत नाही, तिचं निदान त्या मानाने सोपं असतं, कारण ती खोटी आशा लावत नाही.

निदानाआधी जीव. इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर साठलेल्या व्हॅक्यूमवर चालतो आणि तो एक-दोन दाबांपुरताच असतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका; एकदा दाबून, धरून गाडी थांबवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होईल, पण वळेल. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होतं. आणि सेल्फ मारताना कान द्या. इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि सलग फिरतंय असं वाटलं तर तिथेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर गाडी घेतल्यावर पहिला खर्च तोच करायचा, बाकी सगळं नंतर.

आता निदान. 'गाडी बंद पडते' हे लक्षणच नव्हे, ती तक्रार झाली. सिग्नलला उभी असताना धापा टाकत बंद पडते का? चढावर, जोर लावल्यावर आचके देत पडते का? की वेगात असताना दिवा मालवावा तशी एकदम? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची कारणंही बहुधा वेगळी निघतात.

आपला प्रसंग तिसऱ्या प्रकारातला आहे. इथे सर्वांत मोलाचा साक्षीदार डॅशबोर्डवरच असतो, तो म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा. या काट्याला फेऱ्या कळतात त्या ठिणगीच्या विजेच्या स्पंदांवरून. गाडी गिअरमध्ये आहे आणि क्लच सोडलेला आहे, तोवर इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवतच राहतात. अशा वेळी काटा धाडकन शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय पण ठिणगीचे स्पंद थांबलेत. म्हणजे विजेकडे बघायचं. काटा गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला, तर ठिणगी चालू आहे आणि संशय पेट्रोलवर जातो: पंप, फिल्टर, टाकीतला गाळ. एका नजरेत अर्ध्या शक्यता बाद. मात्र काट्यावर नजर शेजारी बसणाऱ्याने ठेवायची, चालवणाऱ्याने रस्त्यावर.

पण अट विसरू नका. क्लच दाबलेला असेल तर इंजिन क्षणात थांबतं आणि काटा दोन्ही कारणांनी शून्यावर येतो. मग त्या खुणेला किंमत राहत नाही. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात: साध्य असतानाही दिसतो आणि नसतानाही दिसतो. तोच काटा, तेच शून्य. एका परिस्थितीत पुरावा, दुसऱ्या परिस्थितीत नुसता देखावा.

समजा काटा धाडकन पडला. आता कडेला उभ्या गाडीला दुसरा प्रश्न विचारा. सेल्फ मारताना काटा जरासा हलतो का? अजिबात हलत नसेल, तर बहुधा दोहोंपैकी एक घडतंय: संगणकाला वीजच मिळत नाही, किंवा इंजिन फिरतंय ही खबर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

वीज पोहोचते ती एका रिलेमधून. या रिलेच्या डबीत खरं तर दोन रिले आहेत. एक संगणकाला वीज देतो, दुसरा पेट्रोलच्या पंपाला. खबर पोहोचते ती दोन सेन्सरकडून. ते इंजिनाच्या मागच्या अंगाला, क्लचच्या घरावर बसवलेले असतात. एक फ्लायव्हीलच्या कडेचे दात मोजतो, दुसऱ्याला दर फेरीला एकदा एक खूण दिसते.

इथे एक सापळा आहे. पंपाचा आवाज येत नाही म्हणून पुष्कळजण पंप बदलतात. पण पंपाचा रिले चालू ठेवतो कोण? संगणक. आणि तोही इंजिन फिरतंय ही खबर मिळाली तरच. अपघातात इंजिन थांबलं तर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून ही योजना. म्हणजे सेन्सर मेला की पंपही गप्प. निरोगी पंप काढून नवा बसवला तरी तो गप्पच राहणार, आणि थंड झाल्यावर गाडी सुरू झाली की तुम्ही म्हणणार, पंपच होता.

तिसरा प्रश्न मग टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने विचारायचा. दोष हजर असताना रिलेतून बाहेर वीज येते का? येत असेल तर सेन्सर आणि त्यांच्या वायरी बघा. आत येते पण बाहेर येत नसेल तर रिले. आतच येत नसेल तर किल्लीचं स्विच, बॅटरीकडून येणारी जोडणी. 'दोष हजर असताना' हे शब्द महत्त्वाचे. गाडी थंड होऊन शहाण्यासारखी चालत असताना घेतलेलं माप फक्त इतकंच सांगतं, की ती आत्ता चालते आहे.

आता उष्णतेबद्दल. 'गरम झाली की बंद पडते, म्हणजे उष्णता हेच कारण' असं म्हणून लोक थर्मोस्टॅट बदलतात, पंखा बदलतात, रेडिएटर धुऊन घेतात. पण उष्णता तर प्रत्येक निरोगी इंजिनात असते. इथे आपला जुना पर्वत कामाला येतो. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं लाकूड लागतं. ओलं लाकूड हा उपाधी. या गाडीत उष्णता म्हणजे अग्नी आणि ओलं लाकूड म्हणजे रिलेच्या आतला तडकलेला सोल्डर. थंड असताना तड मिटते आणि वीज वाहते. तापल्यावर तड उघडते आणि इंजिन गप्प होतं. या मॉडेलचा हा ठाऊक असलेला दुबळा भाग आहे. अनेक मालक एक जादा रिले गाडीतच ठेवतात.

'मग सर, सरळ रिलेच बदलू की!' बदला, भाग काही महाग नाही. पण बदलल्यावर 'झालं' म्हणू नका. पुष्कळदा रिले असतो, यावरून या वेळी रिलेच आहे असं ठरत नाही. सिद्ध असं करा. गाडी घराबाहेर मोकळ्या हवेत उभी करून सुरू ठेवा. हेअर ड्रायरने फक्त रिले बेताने तापवा. इंजिन बंद पडलं, थंड होऊ दिल्यावर सुरू झालं, पुन्हा तापवल्यावर पुन्हा पडलं, हा झाला अन्वय. नवा रिले लावला, तितकंच तापवलं आणि इंजिन चालत राहिलं, हा व्यतिरेक. दोन्ही बाजू जुळल्या की कावळ्याचा संशय फिटतो. काहीच घडलं नाही, तर सेन्सरचे प्लग एकेक करून हलवून बघा. जवळपास चाळीस वर्षं उष्णता खाऊन त्यांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, तेव्हा हात हलका ठेवा. बाह्या आवरा, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून दूर राहा. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर आलं तरी ते कोणत्या प्रश्नाचं, हे कळत नाही.

आता सिग्नलला धापा टाकणारी गाडी. इथे बहुधा हवेचा हिशेब चुकलेला असतो. आत येणारी हवा एका झडपेच्या मापकातून जाते आणि त्या मोजणीवर संगणक पेट्रोल ठरवतो. मापकाच्या पुढची रबरी नळी चिरली असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. वेगात असताना एवढीशी चोरी खपून जाते. इंजिन आयडलला असताना मुळात हवाच थोडी लागते, त्यामुळे तीच चोरी भारी पडते. चीर शोधण्याची उत्तम रीत कोणती? इंजिन बंद ठेवून आतल्या नळ्यांत धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. गॅरेजमध्ये त्यासाठी यंत्र असतं. बघा, शेवटी धूरच साक्षीला आला.

विकणाऱ्याच्या शब्दाचं काय? आप्तवाक्य प्रमाण आहे, पण आप्त कोण? ज्याला ठाऊक आहे, आणि जसं आहे तसं सांगण्याची ज्याची इच्छा आहे. विकणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही अटी तपासाव्या लागतात. त्याने दिलेली पावत्यांची जाड फाइल बघून आपण खूश होतो. ती तारखा लावून वाचा. सहा महिन्यांत पंप, कॉइल, प्लग, रिले, बॅटरी असं सगळं बदललेलं दिसलं, तर ती निगा नव्हे. तुमच्यासारखाच कुणीतरी याच दोषामागे धावत होता, त्याला तो सापडला नाही आणि शेवटी त्याने गाडी विकली. पावती भाग बदलल्याचा पुरावा असते, दोष गेल्याचा नव्हे.

एक शेवटचा इशारा. रिलेच्या जागी वायरचा तुकडा जोडून गाडी घरापर्यंत आणण्याची युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेल. ती चालते. पण मग पंप थांबवणारं कुणी उरत नाही. अपघातात नळी तुटली तर पंप पेट्रोल ओततच राहील. त्यापेक्षा टोइंगचे पैसे द्या.

तेव्हा गाडीत एक वही ठेवा. दर वेळी लिहा: किती मिनिटांनी बंद पडली, टाकीत पेट्रोल किती, क्लच दाबलेला होता की सोडलेला, काटा कसा पडला, किती वेळाने सुरू झाली. आणि दुरुस्ती झाल्यावर, ज्या परिस्थितीत ती बंद पडत होती नेमक्या त्याच परिस्थितीत, तितकीच गरम करून, एकदा नव्हे, अनेकदा चालवा, पण गर्दी नसलेल्या रस्त्यावर. त्यानंतरच घरातल्या कुणाच्या हाती किल्ली द्यायची. 'आता ठीक आहे' हे वाक्य आपण फार सहज बोलतो. ते ऐकून दुसरं माणूस हायवेवर जाणार असतं.

आता प्रश्न घेऊ या.