मनोरुग्णाचे शरीर कोण तपासते?

पुसदला माझे औषधांचे दुकान आहे; सत्तावीस वर्षे झाली. त्याच्याही आधीपासून मी स्किझोफ्रेनियाच्या एका रुग्णाचा धाकटा भाऊ आहे. पुढची बरीचशी माहिती पुस्तकांतली आहे, पण ती शोधायला बसलो तो दादामुळे.

दादाला ओलान्झापिन सुरू झाले आणि काही महिन्यांत त्याला आवाज ऐकू येणे थांबले. झोप लागू लागली. वजनही वाढले, आणि घरात त्याचा आनंदच झाला. ‘पोराच्या अंगाले लागलं आता,’ असे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पुढच्या उन्हाळ्यात दादा एकटाच माठ रिकामा करू लागला, रात्री चार-चारदा लघवीला उठू लागला. आमच्याकडच्या मे महिन्यात पाणी कोण पीत नाही? शिवाय या आजारात काही रुग्ण उगाचच खूप पाणी पितात, हे मी वाचले होते. अर्धवट ज्ञान असे आडवे येते. एका डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. पायाच्या अंगठ्याची जखम दीड महिना भरेना, तेव्हा कुठे साखर तपासली. ४१२ निघाली. अंगठा कापावा लागला. साखर मोजायचे यंत्र तेव्हा माझ्याच दुकानात विक्रीला होते.

असे का होते? रुग्णाची तक्रार खरी असते, पण आधीच्या निदानाची सावली तिच्यावर पडते. छातीत दुखले तर घाबरला असेल, उठवत नसेल तर आजारच तसा. घरच्यांना तसे वाटते आणि डॉक्टरांनाही. गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्या हे त्यातले एक कारण आहेच. पण जास्त मृत्यू होतात ते हृदयविकार, श्वसनाचे आजार, संसर्ग अशा चारचौघांसारख्या दुखण्यांनी. २०१८ मध्ये संघटनेने याच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

औषधांचाही वाटा आहे. ओलान्झापिन आणि क्लोझापिन भूक वाढवतात, साखर व चरबी बिघडवतात. म्हणून ती बंद करावीत असे मात्र कोणी समजू नये. दादा माणसांत आला तो त्याच गोळीने. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार क्षेत्रांतल्या संघटनांनी एकत्र बसून एक वेळापत्रक ठरवले : औषध सुरू करताना वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबी, पहिल्या तीन महिन्यांत दर महिन्याला वजन, तिसऱ्या महिन्यात पुन्हा साखर, मग दरवर्षी. यात महागडे काहीच नाही.

तंबाखूची गोष्ट आणखी गमतीची. विडीच्या धुरामुळे यकृत ही दोन्ही औषधे लवकर संपवते. विडी ओढणारा रुग्ण दवाखान्यात भरती झाला आणि विडी सुटली, की तीच मात्रा त्याला जड होऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे आपल्याकडच्या खर्र्याने औषधाचे काही बिघडत नाही. बिघडते ते तोंड, आणि मनोरुग्णाचे तोंड उघडून कोण बघतो?

लिथियमबद्दल मात्र मला दुकानदार म्हणून बोलायचे आहे. या औषधाच्या उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर थोडेच असते. उन्हात घाम गेला, जुलाब झाले, पाणी-मीठ कमी पडले, की ते रक्तात साचते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही साचते. निंदणाहून आलेली बाई कंबर धरून काउंटरवर उभी राहते, गोळी मागते. ती लिथियमवर आहे हे मी विचारले नाही, तर ती सांगणार नाही. पॅरासिटामॉलवर भागते. हात फार थरथरू लागले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लिथियम घेणाऱ्यांची मूत्रपिंडे आणि थायरॉइडही ठरावीक काळाने तपासायची असतात.

पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून शंभरेक किलोमीटर. तिथे जायचे म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. म्हणून वर्षापूर्वीची चिठ्ठी पुन्हापुन्हा दुकानात येते आणि गोळ्या तेवढ्या चालू राहतात. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, रक्तदाब-मधुमेहाची तपासणी होते, पण त्या राष्ट्रीय कार्यक्रमात वयाची अट ३० वर्षांची. स्किझोफ्रेनिया बहुधा विशीच्या आसपास गाठतो. म्हणजे वजन सर्वांत झपाट्याने वाढते तेव्हा हा मुलगा कोणाच्याच यादीत नसतो. मानसिक आजाराच्या औषधावर असलेल्याला वयाची अट नको, इतका बदल केला तरी पुष्कळ होईल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मनोरुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाच्या बरोबरीने वागवा म्हणतो, रुग्णवाहिकासुद्धा त्याच दर्जाची द्या म्हणतो. पण मानसोपचाराच्या खोलीत वजनकाटा ठेवा, हे कायद्याच्या पुस्तकातून थोडेच होणार!

मी एवढेच केले : काउंटरखाली शिंप्याची फीत ठेवली. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली, की चिठ्ठीच्या मागे आकडा लिहून ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणतो. काही जण दाखवतात. दादा दर एक तारखेला येतो, काट्यावर उभा राहतो. या महिन्यात अर्धा किलो जास्त भरला. काटा बदल म्हणाला.