सिंहगडावरील दारूकोठार

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे २५ किलोमीटरांवर सिंहगड उभा आहे. पुणे दरवाजातून गडावर प्रवेश केला की उजव्या हातास एक दगडी इमारत दिसते. राजवाड्याचा डौल तिला नाही. त्यामुळे पुष्कळसे प्रवासी तिच्याकडे ओझरती नजर टाकून पुढे जातात. हेच गडाचे दारूकोठार होय.

तोफा-बंदुकांची दारू सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणातून तयार करीत. तिला दोन शत्रू असत. एक ओल आणि दुसरी ठिणगी. दारूस ओल लागली, तर ऐन लढाईत तोफ मुकी राहावयाची. ठिणगी पडली, तर शत्रू जवळ नसतानाही गडाचा घात व्हावयाचा. म्हणून ती ठेवण्याची जागा फार विचाराने बांधावी लागे.

हा विचार रामचंद्रपंत अमात्य यांनी इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात नमूद केला आहे. ते सांगतात की, दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा व सदरेपासूनही अंतरावर असावा. त्याच्याभोवती निर्गुडीसारख्या झुडपांचे कुंपण घालावे. आत तळघर करून त्यात पक्की गच्ची घालावी. तिच्यावर माच मांडून मग दारूची मडकी ठेवावी, म्हणजे जमिनीची ओल दारूपर्यंत पोहोचत नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. पहारेकऱ्यांनी रात्रंदिवस जागे राहावे व परवानगीवाचून कोणासही जवळ फिरकू देऊ नये.

परंतु पहाऱ्याला न जुमानणारे एक संकट होते. ११ सप्टेंबर १७५१ रोजी सिंहगडाच्या दारूकोठारावर वीज कोसळली. त्या अपघातात गडाच्या फडणिसांचे घर उद्ध्वस्त झाले आणि घरातील सर्व माणसे मृत्युमुखी पडली. फडणीस म्हणजे हिशेब राखणारा अधिकारी. त्याच्या घरावर शत्रूचा गोळा आला नाही. गडाच्या रक्षणासाठी साठविलेली दारूच त्याच्या कुटुंबाचा काळ ठरली. दारूखाना घरांपासून दूर असावा, असे अमात्यांनी का बजावले होते, हे या घटनेवरून ध्यानात येते.

पुढच्याच वर्षी, १७५२ मध्ये, बेंजामिन फ्रँक्लिन यांनी सुचविलेला प्रयोग फ्रान्समध्ये यशस्वी झाला व ढगांतील वीज म्हणजे विद्युतच होय, हे सिद्ध झाले. त्यातूनच तडितरक्षक प्रचारात आला. इमारतीच्या माथ्यावरील टोकदार सळई आणि तिला जोडलेली धातूची पट्टी विजेला सुखरूप जमिनीत नेऊन सोडते.

सिंहगड म्हटला की तानाजी मालुसरे यांचा १६७० मधील पराक्रम आठवतो. गड जिंकावयास असे शौर्य लागते. जिंकलेला गड राखावयास मात्र दारूस वेळेवर ऊन देणारे हातही लागतात. गडावर जाणाऱ्याने या कोठारापाशी क्षणभर थांबावे, ते यासाठीच.