उंच म्हणजे कुठून उंच?

मंडळी, आज आपण इक्वेडोरला जाऊ या. जगातलं सर्वांत उंच शिखर एव्हरेस्ट, असं आपण शाळेत शिकलो. समुद्रसपाटीपासून मोजलं तर ते खरंच आहे. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. त्यामुळे तिच्या केंद्रापासून मोजलं, तर इक्वेडोरचं ६,२६३ मीटरचं चिंबोराझो एव्हरेस्टपेक्षा सुमारे २ किलोमीटर पुढे जातं.

मग उंची केवळ मोजणाऱ्याच्या मनावर आहे का? तसं आम्ही म्हणणार नाही. आपलं शरीर केंद्रबिंदू जाणत नाही, त्याला हवेचा दाब कळतो. चिंबोराझोवर गाडी सुमारे ४,८०० मीटरपर्यंत जाते, आणि घात होतो तो इथेच. आपण झटकन पोचतो, शरीराला सवय व्हायला मात्र दिवस लागतात.

म्हणून आधी २,८५० मीटरवरच्या कीतो शहरात दोन-तीन दिवस काढावेत. मग कोटोपाक्सी ज्वालामुखीच्या पायथ्याशी भटकावं. चिंबोराझो शेवटी. डोकं ठणकलं, मळमळलं, तर पुढे चढायचं नाही. त्रास वाढला तर लगेच उतरायचं. १८०२ मध्ये खुद्द हम्बोल्टही चिंबोराझोच्या शिखराआधीच मागे फिरले होते. त्यात कमीपणा कसला?