अंकीय माहितीची एकके व त्यांचे रूपांतर

अंकीय संगणकात साठविलेल्या अथवा संदेशवहन मार्गाने पाठविलेल्या माहितीचे परिमाण बिट व बाइट या दोन एककांत आणि त्यांच्या पटींत व्यक्त करतात. साठवणक्षमता बहुधा बाइटमध्ये, तर प्रेषणाचा वेग बहुधा दर सेकंदास इतके बिट असा सांगतात. शिवाय किलो, मेगा, गिगा या उपसर्गांचा अर्थ सर्वत्र एकच घेतला जात नाही. त्यामुळे हे रूपांतर केवळ गुणाकार-भागाकाराचे असले, तरी व्यवहारात ते चुकण्याचा संभव मोठा असतो.

द्विमान पद्धतीतील ० किंवा १ या एका अंकास बिट म्हणतात. ही संज्ञा क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाच्या गणितीय सिद्धांतावरील आपल्या १९४८ मधील निबंधात वापरली आणि ती सुचविल्याचे श्रेय जॉन ट्यूकी यांना दिले. बिटांच्या गटाला बाइट हे नाव व्हेर्नर बुखहोल्ट्स यांनी १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीच्या ‘स्ट्रेच’ या संगणकाच्या अभिकल्पाच्या वेळी दिले. ‘घास’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे वर्णलेखन त्यांनी मुद्दाम बदलले. कारण मूळ शब्दातील शेवटचे अक्षर गळाल्यास ‘बिट’ असे वाचले गेले असते. त्या वेळी बाइटाची लांबी निश्चित नव्हती. याच कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मालिकेपासून आठ बिटांचा बाइट रूढ होत गेला. इंग्रजी संक्षेपात लहान ‘बी’ हा बिटाचा व मोठा ‘बी’ हा बाइटाचा द्योतक होय. एका अक्षराच्या या आकारभेदावर आठपटींचा फरक अवलंबून ठेवणे फारसे शहाणपणाचे ठरलेले नाही.

उपसर्गांची द्व्यर्थता : संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानास एक पत्ता असतो व तो द्विमान अंकांत लिहिलेला असतो. दहा अंकी पत्त्याने २ च्या दहाव्या घाताइतकी, म्हणजे १,०२४ स्थाने निवडता येतात. ही संख्या हजाराच्या जवळ असल्यामुळे तिला ‘किलो’ म्हणण्याचा सोयीस्कर प्रघात पडला. फरक तेव्हा अवघा २.४ टक्के होता. परंतु घात वाढतो तसा तोही वाढतो. मेगा या पायरीला तो सु. ४.९ टक्के, गिगाला ७.४ टक्के आणि टेराला जवळजवळ १० टक्के होतो.

चुंबकीय तबकडीवरील विभागांची संख्या २ चा घात असण्याचे काहीच कारण नसते. तिचे उत्पादक दशमान अर्थच घेतात व ५०० गिगाबाइट म्हणजे ५०० अब्ज बाइट मानतात. याउलट मायक्रोसॉफ्टची विंडोज ही प्रचालन प्रणाली त्याच संख्येला १,०७,३७,४१,८२४ ने भागते आणि उत्तर सु. ४६५.७ येत असता त्यापुढे गिगाबाइटाचेच संक्षिप्त रूप लिहिते. ग्राहकास आपण नागवले गेलो असे वाटते. वस्तुतः दोन्ही आकडे एकाच राशीचे असतात. या कारणावरून अमेरिकेत तबकडी-उत्पादकांवर दावे झाले व त्यांतील काही २००६-०७ मध्ये तडजोडीने मिटले. ॲपल कंपनीने २००९ पासून आपल्या मॅक संगणकांच्या प्रचालन प्रणालीत तबकडीची क्षमता दशमान अर्थाने दाखविण्यास सुरुवात केली. गोंधळाची परिसीमा म्हणजे ‘१.४४ मेगाबाइट’ची नम्य तबकडी. तिच्यावर ५१२ बाइटांचे २,८८० विभाग, म्हणजे १४,७४,५६० बाइट मावत. १.४४ हा आकडा येण्यासाठी मेगा म्हणजे १,००० गुणिले १,०२४ असा मिश्र अर्थ घ्यावा लागतो.

आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान पटींसाठी किबि, मेबि, गिबि, टेबि ही स्वतंत्र नावे मान्य केली. मूळ उपसर्गाची पहिली दोन अक्षरे व ‘बायनरी’ या शब्दातील पहिली दोन अक्षरे जोडून ती बनविली आहेत. १ किबिबाइट म्हणजे १,०२४ बाइट आणि १ किलोबाइट म्हणजे नेमके १,००० बाइट, अशी ही व्यवस्था निःसंदिग्ध आहे. तथापि दुकानातील वेष्टनांवर ही नावे क्वचितच आढळतात, आणि स्मृतिमंडलांच्या बाबतीत ‘गिगाबाइट’चा जुना द्विमान अर्थ अद्यापि प्रचारात आहे.

प्रेषणवेग : येथे उपसर्ग दशमानच असतात. दर सेकंदास १०० मेगाबिट म्हणजे १० कोटी बिट, अर्थात १.२५ कोटी बाइट. समजा, ४ गिबिबाइटांची एक फाइल या वेगाने आणावयाची आहे. तिच्यात ४,२९,४९,६७,२९६ बाइट, म्हणजे ३४,३५,९७,३८,३६८ बिट असतील. १० कोटींनी भागले असता सु. ३४४ सेकंद येतात. उपसर्गांतील फरक विसरल्यास उत्तर ३२० सेकंद येते आणि बिट व बाइट यांची गल्लत केल्यास केवळ ४० सेकंद.

प्रत्यक्षात ३४४ सेकंदही पुरत नाहीत. ईथरनेट जालात माहिती पुडक्यांनी जाते. नेहमीच्या मांडणीत दर १,४६० उपयुक्त बाइटांमागे पत्ते, क्रमांक, त्रुटिपरीक्षण व दोन पुडक्यांमधील अंतर यांसाठी ७८ बाइटांइतका वेळ खर्च होतो, म्हणून मार्ग पूर्ण मोकळा असला तरी सु. ३६२ सेकंद लागतात. जुन्या दूरध्वनी-मोडेममध्ये तर प्रत्येक आठ बिटांच्या वर्णाला एक आरंभ-बिट व एक अंत-बिट जोडीत. तेथे बाइट काढण्यासाठी आठाऐवजी दहाने भागणे हाच योग्य नियम होता.