काय विशेष? काही नाही, चाललंय!

आपल्याकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय, काय विशेष?" त्याचे उत्तरही ठरलेले. "काही नाही, चाललंय." एवढे बोलून झाल्यावर ही विशेष काही नसलेली माणसे पुढचा पाऊण तास बोलत उभी राहतात. मुलाची नोकरी, बदलीची ऑर्डर, बोअरला लागलेले पाणी, म्हशीने कमी केलेले दूध, ऑफिसात आलेला नवा साहेब, एसटीला झालेला उशीर, सगळे त्यात येते. घरची मंडळी याला रिकामटेकडेपणा म्हणतात. वाचकहो, आज या रिकामटेकडेपणाची बाजू घेऊन मला थोडे लिहायचे आहे.

माझ्या दवाखान्यासमोर रस्त्याच्या पलीकडे पिंपळाचा पार आहे. तिथे रोज सकाळी साडेसहा ते साडेसात सहा जण बसतात. एक निवृत्त एसटी कंडक्टर, एक शिंपी, एक प्राथमिक शाळेतले मास्तर, एक किराणा दुकानदार, पंचायत समितीतले एक क्लार्क आणि एक शेतकरी. सहाही जण माझे पेशंट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. शिवाय हा लेख लिहिण्यापूर्वी सहाही जणांना विचारले आहे. "आमचं नाव नको, पण चहावाल्याचं छापा," असे त्यांचे म्हणणे पडले.) त्यांच्या गप्पांत राजकारण असते, पण ते तोंडी लावण्यापुरते. मुख्य जेवण म्हणजे कालच्या दिवसाचा हिशेब. काल कोणाकडे पाहुणे आले, कोणाला झोप लागली नाही, कोणाचे गिऱ्हाईक पैसे बुडवून गेले, एवढेच.

आता यात आरोग्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जुन्या अभ्यासांतून दिसलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामधील अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे ७,००० प्रौढ माणसांची पाहणी करण्यात आली. लग्न झाले आहे का, मित्र-नातेवाइकांशी जाणे-येणे किती, एखाद्या मंडळात वा देवळात जाता का, असे प्रश्न विचारले. नंतर नऊ वर्षे या लोकांवर लक्ष ठेवले. बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे माणसांशी संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असणाऱ्यांपेक्षा पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट आढळले. सिगारेट, दारू, लठ्ठपणा, आधीचे आजारपण हे सारे हिशेबात धरूनही फरक उरलाच.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो सर्दीवरचा आहे आणि सर्दीवर माझे निम्मे आयुष्य गेले आहे. पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांनी २७६ धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब चक्क मुद्दाम घातले आणि त्यांना वेगळे ठेवून कोणाला सर्दी होते ते पाहिले. त्याआधी प्रत्येकाची नाती मोजली होती. जोडीदार, आईवडील, सासर, मुले, मित्र, शेजारी, कामावरचे सोबती, अशा बारा प्रकारांपैकी किती प्रकारच्या माणसांशी हा नियमित बोलतो? सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या तुलनेत तीन किंवा त्याहून कमी नाती असणाऱ्यांना सर्दीचा धोका चौपटीहून थोडा जास्तच निघाला. हा अभ्यास १९९७ सालचा. खरे तर जास्त माणसांत मिसळणाऱ्याला सर्दी जास्त व्हावी, अशी आपली समजूत. पण इथे विषाणू सर्वांच्या नाकात सारखाच घातलेला होता. फरक पडला तो शरीराच्या प्रतिकारात.

असे का होते याची शास्त्रीय उत्तरे आहेत. सततचा ताण, वाढलेले कॉर्टिसॉल, चढा रक्तदाब, तुटलेली झोप. ती सर्व बरोबर आहेत. पण खेड्यापाड्यांत आणि तालुक्याच्या गावी इतकी वर्षे पेशंट तपासल्यावर मला त्याहून साधे एक कारण मोठे वाटते. रोज भेटणाऱ्या माणसाला तुमच्यातला बदल दिसतो.

दोन वर्षांपूर्वी पारावर चहा पिताना शिंपीकाकांच्या हातातली बशी कलंडली आणि चहा धोतरावर सांडला. सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांच्या तोंडून शब्द जड आला. कंडक्टरनी ते बरोबर टिपले. पन्नास गिऱ्हाइकांची मापे तोंडपाठ सांगणारा माणूस आज "छत्तीस" म्हणताना अडखळतो, म्हणजे काहीतरी चुकते आहे. दहा-पंधरा मिनिटांत काका पूर्ववत बोलू लागले. "काही नाही रे, रात्री झोप झाली नाही," म्हणून घरी निघाले होते. कंडक्टर आणि दुकानदार यांनी दोन्हीकडून दंड धरून त्यांना रस्ता ओलांडून माझ्याकडे आणले. तपासताना हातात ताकद व्यवस्थित, बोलणे स्वच्छ. रक्तदाब मात्र १९०/११०, आणि साखर २४०. तोवर त्यांना दोन्ही आजारांचा पत्ता नव्हता.

याला पक्षाघाताचा तात्पुरता झटका म्हणतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडथळा येतो आणि थोड्या वेळात सुटतो. माणूस ठीक होतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण मोठा झटका येण्याचा धोका यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. त्याच सकाळी काकांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, स्कॅन झाले, औषधे सुरू झाली. काका आजही मशीनवर बसतात. ते एकटेच चहा पीत बसले असते, तर बशी सांडली एवढेच घरात कळले असते. कारण काकू त्या आठवड्यात माहेरी होत्या.

इथे थोडे उपयोगाचे सांगतो. तोंड एका बाजूला ओढले जाणे, एक हात वर उचलून धरता न येणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी थांबायचे नाही. कांदा हुंगवणे, तेल चोळणे, पाणी पाजणे नको, घशात उतरत नसेल तर पाणी फुप्फुसात जाते. घरात पडलेली ॲस्पिरिनही परस्पर देऊ नये. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचा इलाज अगदी उलट आहे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन योग्य पेशंटला साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हे साडेचार तास मोजायचे कधीपासून? पेशंट शेवटचा ठीक कधी होता, तेव्हापासून. मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि बहुतेक नातेवाईक एकमेकांकडे पाहतात. "साडेसहाला आला तेव्हा नीट बोलत होता, सात वाजता बशी सांडली," असे उत्तर फक्त सोबत बसलेला माणूस देऊ शकतो.

मी शिंपीकाकांना वर्षातून चारदा पाच-पाच मिनिटे पाहतो. माझ्यासमोर ते इस्त्रीचा सदरा घालून, चेहरा ठाकठीक करून बसतात. त्यांचे नेहमीचे चालणे, नेहमीचा आवाज, नेहमीची चिडचिड मला माहीत नसते. म्हशीच्या दुधाच्या आणि एसटीच्या उशिराच्या गोष्टी ऐकता ऐकता ती पाच जणांना पाठ झालेली असते. त्यामुळे 'आज हा वेगळा आहे' हे त्यांना माझ्याआधी कळते. कंडक्टरना मधुमेह असल्याची पहिली शंकाही पारावरच आली होती, तासाभरात तीनदा उठायला लागले म्हणून!

पण सर्वांत कठीण प्रसंग त्या शेतकरी मित्राचा. पाऊस लांबला होता, सोसायटीचे कर्ज होते, मुलीचे लग्न ठरून मोडले होते. आधी त्याचे बोलणे कमी झाले, मग येणे अनियमित झाले. विचारले की "चाललंय." एवढेच. एके दिवशी त्याने चहावाल्याची सगळी उधारी मिटवली आणि मास्तरांकडून वर्षापूर्वी नेलेली बॅटरी परत आणून दिली. दुकानदाराला बरे वाटले, माणसाकडे पैसे आले म्हणून. मास्तरांना मात्र चैन पडेना. संध्याकाळी ते सरळ त्याच्या वस्तीवर गेले आणि बाहेर बाजेवर बसून त्यांनी स्पष्ट विचारले, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का रे मनात?" तो गडी ढसाढसा रडला.

असे विचारल्याने नको तो विचार डोक्यात शिरतो, अशी भीती पुष्कळांना वाटते. ती चुकीची आहे. उघड विचारल्याने धोका वाढत नाही. उलट माणसाला पहिल्यांदाच ते बोलून दाखवता येते. मास्तरांनी त्या रात्री त्याला एकटे सोडले नाही, वहिनींना विश्वासात घेऊन फवारणीचे औषध घरातून हलवले आणि सकाळी त्याला माझ्याकडे आणले. मी त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवले. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्त. त्यांची नशा येत नाही. आणि बरे वाटू लागल्यावरही त्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात. हे मधले आठवडे फार अवघड. त्या काळात पाचांपैकी एक जण रोज त्याच्या वस्तीवर जात असे. उपदेश कोणी केला नाही. "खंबीर हो" हे वाक्य मास्तरांनी सर्वांना सक्त मना केले होते. जाऊन गावच्या गोष्टी सांगायच्या आणि परत यायचे. तीन महिन्यांनी तो पारावर आला आणि क्लार्कच्या नव्या मोटारसायकलची टिंगल करू लागला, तेव्हा मी औषधाचा गुण आल्याचे मनात नोंदवले.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप आणि भूक गेलेली, अशी अवस्था असेल तर तो आजार आहे. मनाचा दुबळेपणा नव्हे. बोलायला जवळ कोणी नसेल, तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

पाराची एवढी तारीफ केल्यावर त्याचे अवगुणही सांगायला हवेत. तंबाखू एकाने मळायची आणि पाच जणांनी चिमूट घ्यायची, ही आपली मैत्रीची खूण! नाही म्हणणे म्हणजे अपमान. पण हीच साखळी उलटीही चालते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे १९७१ ते २००३ या काळातील १२,०६७ लोकांच्या नोंदी पाहून २००८ साली असे दाखवण्यात आले, की एका मित्राने सिगारेट सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी घटते. तंबाखूचा असा हिशेब माझ्याजवळ नाही, पण क्लार्कच्या तोंडात पांढरा चट्टा दिसल्यावर तिघांनी एकाच सोमवारी डबी सोडली, ती दोघांची अजून सुटलेली आहे. तिसऱ्याशी वाटाघाटी चालू आहेत.

चहाचेही तेच. पारावर दोन, दुकानात दोन, घरी दोन, प्रत्येकी दीड चमचा साखर धरली तर नऊ चमचे, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास उत्तम म्हणते. आणि पारावरचा दवाखाना तर पूर्ण बंद करावा. दुकानदाराने एकदा कंडक्टरची साखरेची गोळी "मलाही जरा गोड जास्त होतं" म्हणून उपाशीपोटी घेतली आणि घामाघूम होऊन माझ्या बाकावर आडवा झाला. साखरेचे पाणी पाजून उठवला.

आता स्त्रियांविषयी. पुरुषांना पार आहे, बाईने कुठे बसायचे? पूर्वी पाणवठा होता. नळ घरात आला हे आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच झाले, पाठीचा भार कमी झाला. पण हंड्याबरोबर रोजची वीस मिनिटेही गेली. माझ्याकडे अंग दुखते, अशक्तपणा आहे, पांढरे जाते अशा तक्रारी घेऊन अनेक भगिनी येतात. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी अधिक दिसला. (वास, खाज, ओटीपोटात दुखणे असेल तर तपासणी हवीच, हे ध्यानात ठेवावे.) बचत गटाची मीटिंग, भिशी, पापड लाटायला जमणे, याला माझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये जागा आहे. सूनबाई मीटिंगला निघाली की "तिथे काय नुसत्या गप्पा" म्हणणाऱ्या सासूबाईंनी एकदा स्वतःही सोबत जावे.

पारावरच्या सहा जणांना मी एवढेच करायला लावले आहे. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी, त्यावर आपल्या गोळ्यांची नावे आणि घरचा फोन नंबर. कोणी न सांगता दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी एकाने घरी जायचे. फोन चालेल का, असे क्लार्कने विचारले. मी म्हटले, फोनवर सगळेच "चाललंय" म्हणतात.

(पुढील आठवड्यात : घरी रक्तदाब कसा मोजावा)