स्वयंपाकघर व कोठीघर, खानदेशातील

स्वयंपाकघर व कोठीघर, खानदेशातील : अन्न शिजविण्याची जागा आणि वर्षाचे धान्य, डाळी, तेल, मसाले व वाळवणाचे पदार्थ साठविण्याची जागा यांची परस्परांशी जुळणारी मांडणी. महाराष्ट्रातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत सुगीनंतर वर्षाची बेगमी एकदम भरण्याची रीत असल्याने जुन्या घराची दुरुस्ती करताना ओट्याइतकाच कोठीचाही विचार करावा लागतो. कोठीची जागा चुकल्यास नुकसान होते ते वर्षभराच्या अन्नाचे.

जुनी मांडणी : खानदेशातील धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती व लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेले सपाट छप्पर असे. त्यामुळे उन्हाळ्यात पारा ४५° से. च्या आसपास गेला, तरी आतील खोली तुलनेने थंड राही. स्वयंपाकघरात चूल, पाटा-वरवंटा, जाते, पाण्याचे रांजण, भिंतीतील कोनाडे व टांगलेले शिंके असे. जात्याला येथील बोलीत ‘घरोट’ म्हणतात. जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी त्यावर कविता रचली आहे. ज्वारी, बाजरी व गहू शेणमातीने लिंपलेल्या कणगीत किंवा मातीच्या कोठीत भरीत. किरकोळ जिन्नस एकावर एक रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीत राहत.

ही व्यवस्था हवामानाला अनुरूप होती. मात्र तीत धूर कोंडे, उंदरांना वाव मिळे आणि बहुतेक कामे जमिनीवर वाकून करावी लागत. धाब्याच्या जागी सिमेंट काँक्रीटचे छत आले, की धुराचा प्रश्न गॅसमुळे सुटतो, पण उष्णतेचा नवा प्रश्न निर्माण होतो.

ओट्याची आखणी : कमी जागेतील स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफुर्ट स्वयंपाकघर’ सु. १·९ मी. × ३·४ मी. एवढेच होते. साठवण, धुणे व शिजविणे या तीन जागा जोडणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंची बेरीज सु. ४ ते ८ मी. असावी, हा संकेत पुढे रूढ झाला. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार स्वयंपाकघराचे क्षेत्रफळ किमान ५ चौ. मी. व रुंदी १·८ मी. असावी, स्वतंत्र कोठीघर असल्यास ४·५ चौ. मी. चालते. तेथेच जेवण्याची सोय करावयाची असल्यास ७·५ चौ. मी. जागा लागते.

ओट्याची उंची काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापेक्षा सु. १० सेंमी. कमी, म्हणजे सामान्यतः ८० ते ८५ सेंमी. ठेवतात. भाकरी थापताना खांद्यातून जोर द्यावा लागत असल्याने त्या कामापुरता भाग थोडा ठेंगणा केल्यास श्रम वाचतात. स्वयंपाकाचा द्रवरूप वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर उभा व जमिनीच्या पातळीवर ठेवावा, शेगडी त्याच्याहून उंचावर असावी आणि हवेसाठी खालच्या बाजूसही झरोका असावा.

मांड्यांसाठी लागणारे मोठे खापर गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही. भरताची वांगीही पऱ्हाटीच्या जाळावर भाजण्याची पद्धत आहे. अशा कामांसाठी परसात आडोशाची चूल राखणे सोयीचे असते. बिबड्या, पापड, कुरडया व मिरच्या वाळविण्यासाठी गच्चीवर जाण्याचा जिनाही स्वयंपाकघराजवळ असावा.

कोठीघर : प्रथम साठ्याचे मोजमाप घ्यावे. एक क्विंटल ज्वारी वा गहू यांस सु. ०·१३ ते ०·१४ घ. मी. जागा लागते, ६० सेंमी. व्यासाच्या व १ मी. उंचीच्या पत्र्याच्या कोठीत सु. दोन क्विंटल धान्य मावते. कोठीघर घराच्या उत्तरेस किंवा पूर्वेस असावे. पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हाने तापते, तर न्हाणीघरालगतची भिंत ओल ओढते. काँक्रीटच्या छताखालील माळ्यावर तेल वा शेंगदाणे ठेवू नयेत. उष्णतेने ते लवकर खवट होतात.

तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना व फरशीला पडणाऱ्या भेगांत किडी दडतात व नव्या धान्यात शिरतात. दुरुस्तीच्या वेळी या भेगा बुजवून मगच कोठ्या मांडाव्यात. कोठी जमिनीपासून सु. १५ ते २० सेंमी. उंच व भिंतीपासून सुटी ठेवावी, म्हणजे मागील बाजू झाडता येते.

धान्याचे संरक्षण : धान्यातील ओलावा सु. १२ टक्क्यांहून कमी असल्यास बुरशी वाढत नाही व सोंड्यांची वाढ मंदावते. म्हणून धान्य कडक उन्हात वाळवून, निवल्यावर हवाबंद भरावे. कडुनिंबाचा पाला व राख घालण्याची, तसेच डाळींना एरंडेल चोळण्याची घरगुती रीत उपयुक्त आहे; मात्र ओल्या धान्याला ती तारू शकत नाही. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा कोठी’त मातीच्या दुहेरी भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो, तिच्यात जुन्या कोठीतील गारव्याला ओलरोधनाची जोड मिळते.

ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातील कोठीत टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो आणि लहान, बंद घरात झोपलेल्या माणसांचा जीव त्याने जाऊ शकतो. कोरडे धान्य, भेगाविरहित खोली व घट्ट झाकणाची कोठी ही तीन साधने असल्यास अशा विषाची गरज सहसा भासत नाही.